प्रश्न सतरावा

धारवाडच्या उमादेवी अंगडी आणि पुण्याचा हेरंब,
जीपमध्ये दोघांच्या मधोमध मी,
जांबोटीच्या जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर,
दुभाषी म्हणून साहेबांनी दिलेला.
मांडीवर एक्केचाळीस प्रश्नांचे कागद:
माणूस आणि इतर प्राणी यांच्यातल्या नात्याचा अभ्यास.
'इतर' या शब्दाभोवती हेरंबनं पेन्सिलीनं गोल केला होता.
का, ते मी विचारलं नाही.

सतरावा प्रश्न असा:
तुमच्याकडील जनावराशी तुमचा संबंध कोणत्या स्वरूपाचा आहे?
उपयोग, श्रद्धा, भीती, माया. एकावर खूण करा.
मी मोठ्यानं वाचला, आधी मराठीत, मग कन्नडात.
संबंध दोन्हीकडं संबंधच.
ओसरीवरच्या बायका पदरात हसल्या.
अगं, तसला नव्हे, म्हटलं.
मग कसला, ते मात्र मलाही सांगता येईना.

गंगव्वा म्हणाली, लिही.
मागल्या वर्साला नंदगडच्या बाजारात म्हैस विकली.
गिऱ्हाईक अळणावरचं. पैशे मोजून घेतले, पोराची फी भरली.
आठव्या दिवशी, पाटेचं, गोठ्यात हुंकार.
गळ्यात दाव्याचा तुकडा, खुरांत खडी.
"तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"
वाटतंय काय? पान्हा दाटलेला. धार काढली.
दुपारला तो आला हुडकत. च्या दिला,
पुढ्यात तांब्या ठेवला. घे बाबा, दूध तुझंच हाय.
"मग गेली ती?"
गेली की. त्याच्या हाकंला हलंना,
मीच हाकलली वेशीपतोर.

हेरंबचं पेन चारही चौकोनांवरून फिरलं
आणि समासात गेलं.

मष्णूला एकच डोळा.
दुसरा अस्वलीनं नेला, कणकुंबीच्या वरच्या रानात.
राग येतो का तिचा?
"ती बी फणसालाच आलती गा. मी बी.
पिकल्यालं झाड एकच.
तिच्या पाठीवर पिल्लू हुतं, माझ्या पाठीवर पोतं."
मग जरा थांबून,
"कोर्टात गेली अस्ती तर तिचंच खरं ठरलं अस्तं."
नुकसानभरपाईचा अर्ज तीनदा केलेला,
त्याची चौथी प्रत खिशातच होती. उलगडून दाखवली.

भरमाण्णाच्या जोडीत एक बैल सौंदत्तीचा, एक आजऱ्याचा.
एकाला बा म्हणायचं, एकाला ये.
आणि नांगराला दोघं एकदम जुंपले की?
"तवा शिव्या.
त्या दोघास्नी बी कळत्यात."
उमादेवी पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

मला कुणी काही विचारलं नाही.
सव्वीस वर्षं.
खांद्यापर्यंत हात घालून आडवी वासरं फिरवलीत,
कानांत पिवळे बिल्ले ठोकलेत,
मेलेल्यांची पोटं फाडून प्लास्टिक काढलंय, तागडीत तोललंय.
मी गल्लीत शिरलो की कुत्र्यांच्याही आधी
कालवडी दाव्याला ताण देतात.
फिनेलचा वास. आंघोळीनं जात नाही.
बायकोनं सवय करून घेतली, त्यांनी नाही.
उपयोग, श्रद्धा, भीती, माया:
माझ्या कागदावरची खूण त्यांनी कधीच करून टाकलीय.

परतताना जांबोटीच्या अलीकडच्या वळणावर
ड्रायव्हरनं दिवे मालवले.
रस्त्यात गवे. सात, की आठ.
काळोखात आधी दिसले ते गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय,
त्यांच्यावर काय आहे ते हळूहळू कळत गेलं.
हेरंबनं श्वास धरलेला.
उमादेवी कागदाकडं न बघता काहीतरी लिहीत होत्या.
पान उलटल्याचा आवाज झाला.

पुढच्या गवीचा एक कान वळला, फक्त कान.
मग नाक उचलून तिनं जीपचा वास घेतला, सावकाश,
एकेका माणसाचा.
माझ्यापाशी तिला जरा जास्त वेळ लागला.