वापरलेलं सामान

शलाकाने रात्री फोन करून विचारलं,
आई, पोळपाट किती वर्षांचा?
गोथेनबर्ग सोडून ऑस्लोला चाललेत ती दोघं.
मध्ये एक पूल आहे म्हणे, आणि पुलापाशी कस्टमवाले.
त्यांना यादी लागते : वस्तू, वय, किंमत.
वर्षभर वापरातली असेल तर जकात नाही.

तुझ्या बारशाच्या आधीचा, मी म्हटलं.
आणि किंमत?
शून्य लिही.
शून्य लिहिलं की संशय येतो गं.
मग दोघींनी घासाघीस करून
पोळपाटाचे चाळीस क्रोनर ठरवले.
लाटणं त्यातच धरलं.

त्याच शनिवारी मीही घर हलवत होते,
पण माझं हलणं म्हणजे कोपरी ते ऐरोली,
रिक्षात बसून ब्लाउजपीस आणायला जावं तेवढं.
इमारत पाडणार, तीन वर्षांनी नवी देणार.
(तीन बिल्डर म्हणतो.
सेक्रेटरी गुप्ते पाच म्हणतात, तेही जिन्यात, हळू आवाजात.)

माझी यादी कुणी मागितली नव्हती.
आमच्याकडची जकात कधीच गेली,
नाक्याचं नाव तेवढं उरलंय.
तरी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर
तीन रकाने आखून बसले.
लोखंडी कपाट, एकोणचाळीस वर्षं.
दार लावताना जरा उचलून धरावं लागतं
हे कुठल्या रकान्यात?
यांची छत्री.
दोन वर्षांत कुणी उघडलेली नाही.
नॉर्वेच्या हिशेबाने
हिच्यावर जकात बसेल.

टेम्पो जनार्दन केणीचा, दिघ्याचा.
त्याने कपाट उभं बांधलं.
मी म्हटलं, विटाव्याला अडकेल.
मावशी, त्या पुलाखालनं मी अख्खा बँड नेलाय, ढोलासकट.
कळव्याच्या पुलावर ओहोटी लागलेली,
खाडीत गाळच गाळ, आणि गाळात एक प्लास्टिकची खुर्ची
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.
मांडीवर माझ्या ओल्या फडक्यात वालाची पुरचुंडी.
परवा भिजत घातलेले, मोड यायला लागलेले.
सामान बांधायच्या गडबडीत वाल भिजवते का कुणी?
मी भिजवले.

विटाव्याला अडकलोच.
चार बोटं. चारच बोटं कमी पडली.
वर रूळ, मागे ठाण्याची बस,
तिच्यामागे सगळं कळवा भोंगे वाजवत.
बसमधून दोघे उतरले, नाव ना गाव,
एकाच्या शर्टाला इस्त्रीचा वास.
तिघांनी मिळून कपाट आडवं केलं
तेव्हा आत काहीतरी घरंगळलं.
मी तर स्वतः रिकामं केलं होतं,
हात घालून, कोपऱ्याकोपऱ्यातून.

सेक्टर आठ, दुसरा मजला.
भिंतीला दुसऱ्याच कुणाच्या कॅलेंडरचा खिळा.
केणी पाणी पिऊन, पन्नास जास्तीचे घेऊन गेला.
मग मी दार उचलून उघडलं.
लॉकरची किल्ली.
दोन हजार चार साली जिच्यापायी
आम्ही आठ दिवस बोललो नव्हतो एकमेकांशी.
मी म्हणे, तुम्ही हरवलीत. हे म्हणत, तू.
फळीच्या फटीत होती, इतकी वर्षं,
दोघांपैकी कुणीच हरवली नव्हती.
आता सांगायचं कुणाला?
लॉकरचं कुलूपही तेव्हाच बदललंय.

संध्याकाळी फोन.
आई, कुणी बघितलंसुद्धा नाही गं.
यादी पुढे केली तर त्याने हाताने नुसतं, जा, जा, म्हटलं.
रात्र जागून केली होती, तिचा आवाज उतरलेला.
पोळपाट पोचला?
पोचला.
मग झालं तर.

फोन ठेवून छत्री उघडली,
गॅलरीत ठेवली, वाळत घालावी तशी.
कोरडीच होती.
समोरच्या इमारतीतल्या बाईने वर आभाळाकडे बघितलं,
मग माझ्याकडे.

गॅसची शेगडी अजून जोडायची आहे.
खोक्यावर बसून मी वाल सोलते आहे.
मोड जरा लांबलेत,
पण चालतील.