एकशे चौदावा

बांबोळीला, रेकॉर्डच्या खोलीत
रुझार चावी फिरवता फिरवता विचारतो,
"दोतोर, आज परत?"
मी अजून दोतोर नाही.
माझ्या वर्गातली मुलं वॉर्डात पोचली,
मी एक वर्ष बाजूला काढून
लहान मुलांची हाडं मोजते आहे.

काका फोंड्याहून फोन करतात:
"नापास झालीस का? खरं सांग."
खरं सांगायचं तर
उजेडाच्या पेटीवर मी एक्स-रे लावते
आणि गुडघ्यापाशी दिसते ती काळी फट.
पहिल्या आठवड्यात मला ते हाड मोडलेलं वाटलं होतं.
डॉ. कार्दोज हसल्या नाहीत.
"तिथं काही मोडलेलं नाही," म्हणाल्या,
"तिथून तो उंच होणार आहे."
हे काकांना फोनवर कसं सांगायचं?

कोनमापक, पेन्सिल, दोन रेघा.
तेवीस अंश. पुन्हा मोजला तर पंचवीस.
तिसऱ्यांदा मोजायचा मोह आवरून
दोन्ही आकडे लिहायचे, हाच इथला धर्म.

वाकड्या पावलांच्या यादीत एकशे चौदा बाळं.
सहा-सहा प्लास्टरं, मग पट्टीला जोडलेले दोन बूट,
चार वर्षांचं होईतो रोज रात्री.
एक्केचाळीस जणांपुढे एकच शेरा: आले नाहीत.
फोन लावते. हा नंबर अस्तित्वात नाही.
फोन लावते. पलीकडे कुणी मासे विकतंय,
माझ्यापेक्षा मोठ्यानं.

एकशे चौदावा: रोहिदास वेळीप, खोतीगाव.
दोन कदंब बदलून, मग काजूंच्या सावलीतून चालत
पोचले, तेव्हा तो अंगणातच होता,
पाच वर्षांचा, कोंबडीमागे,
डावं पाऊल कडेवर टाकत
आणि मला सहज मागे टाकत.

आई म्हणाली, बूट लहान झाले.
नवे आणायचे तर दिवसाची मजुरी जाते.
"आनी रातभर रडटालो गो.
आमी काडले. मागीर न्हिदलो."
ती लोखंडी पट्टी तिनं टाकली नव्हती.
गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून
चपखल बसली होती.

माझ्या तक्त्यात 'कारण' या रकान्याखाली
चार पर्याय: अंतर, खर्च, अज्ञान, इतर.
उंबऱ्यावर बसून राहिले, कागद मांडीवर.
रोहिदासनं माझा पारदर्शक कोनमापक उचलला
आणि डोळ्याला लावून
त्यातून कोंबडी बघितली.

मंगळवारी ओपीडी असते, मी सांगितलं,
हाड कोवळं आहे, पाऊल अजून वळेल.
मंगळवारी कुणी आलं नाही.
मी 'इतर'वर खूण केली, मग खोडली.

त्याच्या पुढच्या मंगळवारी
रुझारचा खालून फोन:
"दोतोर, कोण तरी आयलां.
हातांत लोखणाची पट्टी आसा."