वाटा

कुटबणच्या जेट्टीवर तारले फावड्याने भरतात.
ट्रक कारखान्याकडे जातो, मागे रस्त्यावर तेलकट ओल,
मांजरं ती ओल चाटत चालतात.
तारल्यांची भुकटी होते, भुकटीवर कोळंबी वाढते,
कोळंबी विमानात बसते.
सांतानने सांगितलं हे, बर्फ फोडता फोडता,
परदेशी गेलेल्या नातेवाइकाचं सांगावं तसं.

माझ्याकडे अंगणवाडीचा काटा.
झोळीत पोरं लोंबकळतात, रडतात.
आणि दंडाला गुंडाळायची फीत:
हिरवी, पिवळी, तांबडी.
ट्रॉलरवर जाळं ओढणाऱ्या एतवाची फुलमनी,
सव्वादोन वर्षांची,
पिवळ्यात, तांबड्याला अगदी टेकून.
बाप रात्रभर टनाने मासळी ओढतो.
घरी डाळ, तीही पातळ.
"आम्हाला नदीचा मासा कळतो," आई म्हणाली,
"ह्या खाऱ्याचे काटे कुठे असतात कुणास ठाऊक."

पिएदाद किलोने विकत नाही.
फळीवर वाटे मांडते, वर दोन जास्तीच्या ठेवते,
मग घासाघीस केलीत तर शिव्या देते.
त्या दिवशी तिने फुलमनीच्या आईला शेजारी बसवलं.
वेर्ली, करंगळीएवढी, अंगठ्याने उघडली.
"ही काट्यासकट. डोकं टाकायचं नाही.
डोळा तर मुळीच नाही, डोळ्यानं डोळा होतो."
हे मी प्रशिक्षणात शिकले होते, तीन दिवस, चहा-बिस्किटांसह.
पिएदाद कुठे शिकली, विचारलं नाही.

सोलं, हळद, नारळ असला तर.
भातात कुस्करून पहिला घास फुलमनीने थुंकला.
दुसराही.
तिसऱ्याला तिने माझं बोट चावलं.

मग बंदी आली. होड्या किनाऱ्यावर, झापांखाली.
एतवा गावी गेला, ह्या दोघी राहिल्या.
पिएदादने पुरुमेंतातली गालमो दिली, बाटलीभर,
बाटलीचं झाकण मात्र परत मागितलं.
मी ती भाजून कुटली. खोकला आला, शेजारणी ओरडल्या.

जुलैत काटा: नऊ किलो शंभर.
फीत पिवळीच, पण तांबड्यापासून बोटभर सुटलेली.

नोंदवहीत खिचडी आहे, उसळ आहे, अंडं आहे.
मी 'इतर'मध्ये लिहिलं: गालमो, दोन चमचे.
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, हे काय लिहिलंय?
चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी हुंगली.
दाराकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून
तोंडात टाकली.