दोन शून्यांचा कुंचला

आधी डोळे.
चेहरा नंतर, चिलखत त्याहून नंतर.
डोळा बिघडला तर तेवढ्यात पुसता येतो,
आणि बुबुळाचा ठिपका ठेवताना श्वास घ्यायचा नसतो.
चाळिशीला पोचले तेव्हा एवढंच येत होतं मला.
आणि दात.

दिवसभर ताम्पेरेच्या प्रयोगशाळेत मी दात करायचे,
चिनी मातीचे, परक्या तोंडांसाठी,
कडेला किंचित निळसर, मुळाशी चहाचा डाग पडल्यासारखे.
कुणाला कळू नये, हीच त्यातली कला.
रात्री बशा बाजूला सारून त्याच कुंचल्याने
अंगठ्याएवढे शिपाई.
सौनातून वाफाळत आलेला यॉर्मा विचारायचा, अजून खेळतेयस?
रागाने नाही. कौतुकानेही नाही.
सासूबाई म्हणायच्या, असू दे रे, हौसेला मोल नसतं.

मी मोल काढायला बसले.
पहिलं काम ब्रेमेनचं: चाळीस भालाईत, सहा घोडे.
तासाला जे पडलं
त्यात अर्धा काळा पावही आला नसता.
आणि पैसे मागताना वर मीच लिहिलं होतं, माफ करा.

आमच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द आहे.
त्या शब्दाआड मी तीन वर्षं खुशाल राहिले.
बाहेरच्या पाकिटांवर मात्र श्री. आर. हाक्काराइनेन.
स्टॉकहोमच्या स्पर्धेत परीक्षकाने भिंग खाली ठेवलं,
म्हणाला, यजमान नाही आले?
म्हटलं, गाडी लावतोय.
खरंच लावत होता.
मग त्याने भिंग पुन्हा उचललं
आणि माझी नखं पाहिली. निळ्या रंगाने भरलेली.

डिसेंबरात, तीनलाच अंधार पडतो तेव्हा,
ओउलूहून खोकं आलं.
एकशे बारा शिपाई. एकोणपन्नास रंगवलेले.
"मुलाचे आहेत. बाकीचे तुम्ही पुरे करा."
मुलाला कधी, काय झालं, काही नाही.
पुढच्या वाक्यात फक्त: त्याला लाल आवडायचा.

रंग जाड. ढालींवर अंगठ्याचे ठसे.
एकाचाही डोळा जागेवर नाही.
पन्नासावा मी माझ्या पद्धतीने केला, सुरेख झाला,
आणि रांगेत उभा केल्यावर
नव्या दातासारखा उठून दिसला.
पुसला.
मग तीन आठवडे
मी वाईट रंगवायला शिकले.
पाणी कमी. घाई. एक थर वाळायच्या आत दुसरा.
लाल जरा जास्तच.
श्वास चालू.

बिल लावलं ते त्रेसष्ट शिपायांचं,
आणि तीन आठवड्यांच्या शिकण्याचंही.
माफ करा लिहिलं नाही.
लिहायचं राहून गेलं, असंही नाही.

पैसे आठवड्याने आले. सोबत चिठ्ठी:
"तिसऱ्या रांगेत डावीकडे एकाचा डोळा नीट आहे.
तो तुमचा ना?"

माझा.
सही कुठेतरी करावीच लागते.

करकचेरीच्या अर्जात व्यवसायाचा रकाना
नखाएवढा.
त्यात मावेल असं लिहायला
मला मुळीच त्रास झाला नाही.

यॉर्मा आता बशा
खिडकीपाशी मांडतो.