भट्टी राखायला तिघं

दसरा चौकातून आत वळलो तर
सीपीआरच्या दारात मंडप,
लग्नाचाच, केशरी झालरीचा, भाड्यानं आणलेला,
आणि आत पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी मांडी घालून,
पंगत बसावी तशी.
फक्त ताटं नाहीत.

माझा पट्टी बदलायचा दिवस.
डावा हात, मनगटापासून कोपरापर्यंत,
शिरोलीच्या फौंड्रीत रस उडाला होता.
तिसऱ्या दिवशी पट्टी जखमेला धरते.
ओढली की कातडं मागते.

केसपेपरच्या खिडकीवर कागद : ओपीडी बंद.
खिडकीखाली गगनबावड्याची एक बाई, मांडीवर तापलेलं पोर.
ती कुणाला काहीच बोलत नव्हती.
बोलत होते ते दुसरेच.
गंगावेशीत दूध घालून आलेला एक जण
रिकाम्या किटलीवर बोटं वाजवत :
'ह्यास्नी शिकिवलं कुणाच्या पैशानं? आपल्याच न्हवं?'
रिटायर मास्तर म्हणाले, पोट सगळ्यांनाच असतं,
पण देवळाला कुलूप घालून पुजाऱ्यानं दक्षिणा मागू नये.
रिक्षावाला म्हणाला, 'आणि मास्तर, वेतन आयोगाच्या टायमाला
तुम्ही वर्गात होता, का मोर्चात?'
हशा.
मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग पेठांची मॅच लागल्यासारखी दोन टोकं पडली,
आणि बॉल कुठाय ते कुणी बघेना.

मी बघत होतो तिसऱ्या ओळीत.
डॉ. आफरीन नदाफ. पहिली पट्टी तिनंच केलेली,
रात्री दोनला.
आणि दुसऱ्या खेपेला सलाईनचं पाणी थेंब थेंब सोडत
अर्धा तास ती पट्टी सोडवत बसली.
एकदाही ओढली नाही.
आता मैत्रिणींबरोबर चुरमुऱ्याची एक पुडी वाटून खात होती.
मला बघून उठली, हात बघितला,
'कॅज्युअल्टीत जा काका, ती चालू आहे.'
मी विचारलं, किती महिने झाले?
'चार. हुपरीहून अब्बा पाठवतात, गाद्या भरून.
डॉक्टर झाले तरी.'
आणि हसली, पण नीट नाही.

तेवढ्यात केबलवाल्याचं पोरगं, माइक पुढं :
'काका, जनता म्हणून तुमचं मत?'

जनता म्हणून मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
घसा खाकरला. म्हणालो,
माझे हाल होतायत, खोटं कशाला बोलू.
पण सहा वर्षांमागं आमच्या फौंड्रीत संप झाला.
भट्टी थंड पडली की आतला रस दगड होतो,
अस्तरासकट छिन्नीनं फोडावी लागते.
म्हणून भट्टी राखायला आम्ही तिघं आत ठेवले.
आमच्यातलेच, बिनपगारी.
तर मालक म्हणाला, बघा,
तिघांत चालतंय की.

पोरगं घड्याळ बघत होतं.
गगनबावड्याची बाई तोवर उठून गेली होती.
कुठं, ते माहीत नाही.
तिच्यापुढं कुणी माइक धरला नाही.

रात्री दाखवलं. अकरा सेकंद.
'माझे हाल होतायत, खोटं कशाला बोलू.'
खाली लाल पट्टी : रुग्ण संतप्त.
तोंड अर्धंच आलं, हात मात्र पुरा.
तालमीतल्या पोरांचा फोन, 'काटाकिर्र मामा! हाणलास!'
बायको म्हणाली, इस्त्रीचा शर्ट तरी घालून जायचास.

संध्याकाळचं सांगायचं राहिलं.
कॅज्युअल्टीत दोन तासांनी नंबर लागला.
पोरगा नवखा, डोळे तांबारलेले,
कालपासून तोच होता म्हणे.
त्यानं ओढली.
मी ओरडलो, आणि मग, जरा दमानं, म्हणालो,
पाणी सोड बाबा, थेंब थेंब,
नदाफ मॅडम सोडतात तसं.

'त्या बाहेर बसल्यात.'

माहीत आहे, म्हणालो.
सोड तू पाणी.