तीनशे बारा घड

चिनावलच्या मळ्यातले तीनशे बारा घड
एका रकान्यात उतरवलेत, किलोमध्ये.
बॅटरी मेलेली, तीनला लाइट जाते,
म्हणून भर उन्हात घाई.

आधी हिस्टोग्राम.
देवळातल्या घंटेसारखा यायला हवा होता,
मधे फुगीर, दोन्हीकडे उतरता.
आला तो डावीकडून तोडलेला:
कोयत्याचा एक घाव, मग सरळ भिंत.

मग क्यू-क्यू प्लॉट.
ठिपक्यांनी तिरप्या रेघेवर बसावं,
तारेवरच्या साळुंक्यांसारखं.
हे तर विहिरीच्या पायऱ्या चढत होते:
अर्धा किलो, थांबा,
अर्धा किलो, थांबा.

शापिरो-विल्कची पी किंमत
शून्य दशांश शून्य शून्य शून्य.
अत्तरदे सर फोनवर म्हणाले, लॉग घेऊन बघ.
घेतला.
भिंत जराशी कलली, पडली नाही.

संध्याकाळी काट्यापाशी गेले.
रुबाब तडवी खांद्यावरची चुंबळ झटकत होता.
पायऱ्यांचं विचारलं, तर हसला,
"काटा म्हातारा झाला, ताई.
अर्ध्या किलोच्या आतलं
त्याले आयकूच येत नाही."

आणि बाराच्या खालचा एकही घड नाही, तो कसा?

यावर तो लगेच बोलला नाही.
बांधाकडे बघत राहिला.
तिथं जुलेखा आणि तिच्या दोन पोरी
वाळक्या पानांत काहीतरी गुंडाळत होत्या.
"हलकी केयी काट्यावर येतच नाही.
व्यापारी घेत नाही. मालकाले माहीत आहे,
आम्हाले माहीत आहे.
तुमच्या वहीलेच नव्हतं."

प्रोग्रामनं तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं:
गहाळ नोंदी – ०.

आठ दिवसांनी प्रबंधात एक ओळ टाकली,
'वजनांचे वितरण प्रसामान्य आढळले नाही.'
'आढळले'पाशी कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.

जुलेखानं पिशवीत कोंबलेली फणी
तोवर टेबलावर पिकली होती.
बोटभर केळी, सालीवर तपकिरी ठिपके,
एकही रेघेत नाही.
एक सोललं. भलतंच गोड.
दुसरं सोलताना लाइट गेली,
आणि ती ओळ सेव्ह केली होती का
ते आठवेना.