वहाणा

जत्रेच्या आदल्या दिवशी राखणदाराला
नव्या वहाणा द्यायच्या, हे आमच्या घरावरचं देणं.
जुन्या परत काढायच्या:
टाचेला झिजलेल्या, अंगठ्यात वाळू,
एकदा उजव्या तळव्यात रुतलेला शिंपल्याचा तुकडा.
गाव म्हणतं, तो चालतो.
मला वाटायचं, गुरव चालत असेल.

आजा रापण ओढताना गेला. पाणी गुडघ्याएवढं.
बाबा, होडीवरून उडी मारली तेव्हा.
गुणाजी, माझा भाऊ, निवतीच्या खडकाशी
पोहत होता, हसत होता,
मग नुसता तरंगत होता.
कुणाच्याच पोटात पाणी सापडलं नाही.
गाऱ्हाण्यात दर वर्षी तेच:
बा महाराजा, घेतलंस तेवढं पुरे कर.
होय महाराजा, म्हणायचे सगळे.

कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंनी
माझ्या काळजाची रेघ दाखवली.
चढते, उतरते, आणि घरी परतायला
किंचित उशीर लावते.
"एक अक्षर चुकलंय," त्या म्हणाल्या, "तीनशे कोटींत एक.
पाण्यात उडी मारली की नेमकं तेच वाचलं जातं."
मी गोळी घेते.
समुद्राकडे पाठ करून मासे विकते.

बशीत पाच गर्भ धरले.
दोघांत ते अक्षर होतं, तिघांत नव्हतं.
तिघांतला एक रुजला. नाव गुणाजीच ठेवलं.
ते दोघं अजून तिथंच, नायट्रोजनच्या धुरात,
झाकणावर माझं नाव आणि नंबर.
त्यांचं भाडं सुरमईच्या पैशातून जातं.

परवा भरतीला तो आला.
कंदील नाही. काठी, विडीचा वास.
पायरीशी थांबून म्हणाला,
"ह्यो झील कोणाचो?"
माझा, म्हटलं. गुणाजी.
"गुणाजी माका म्हायत आसा. ह्यो तो नाय."

भांडले मी. तीन माणसं खाल्लीस,
हा नाही मिळायचा तुला.
बराच वेळ तो गप्प. खाडीत एक मासा उडाला.
"मिया कोणाक खावक नाय, बाय.
मागसून नुसतो चलतंय.
तुमच्या घराण्याची छाती एक ठोको इसारता,
थंयसून माका वाट गावता.
तिघांकय मीच काठार आणून ठेवलंय.
ह्या पोराची छाती घड्याळासारी वाजता.
काळोखात माका कसो गावतलो?"

आणि जाता जाता, काठी टेकत:
"ते दोघे खंय आसत?"
मला कोल्हापूर सांगवेना.

यंदा वहाणा काढल्या तर अर्ध्याच झिजलेल्या.
माझ्यापुरत्या.
गुणाजी कमरेएवढ्या पाण्यात कोलांट्या मारतो,
वर येतो, नाक शिंकरतो, परत बुडी.
मी काठावर उभी राहून मोजत असते.
काय मोजते, मलाच ठाऊक नाही.

दवाखान्याचा कागद आलाय. दोन चौकोन.
ठेवा. नष्ट करा.
सही पालकाची.
देवळात कौल लावतात तसा
कागद भिंतीला उभा केला,
दोन्ही चौकोनांवर ओली पाकळी चिकटवली.
पंखा बंद केला, कौलात वाऱ्याचा हात नको.
बसले.

पाकळ्या कडेनं वाळू लागल्या.
एवढ्यात माझ्या छातीनं एक ठोका चुकवला,
आणि पायरीवरून
विडीचा वास आला.